कुंडीतली माती न उकरता रोप लावायचंय? आधी वाफसा बघा

घरात दिव्याखाली मिरची-टोमॅटो घेणाऱ्याचं रोप लावणीनंतर पिवळं पडलं की सल्ला ठरलेला: खत घाला. मीही घालायचो. गांडूळखत, पेंडीचं पाणी, ताक, जे हाती येईल ते. रोपं तीन-तीन आठवडे जागची हलायची नाहीत. शेवटी वैतागून एक उपटलं. भोवतालची माती ओलीचिंब, आणि मुळांची हुंडी, म्हणजे रोपासोबत आलेला मुळांभोवतीचा गोळा, आतून ठणठणीत कोरडी. रोप बिचारं तहानेनं मरत होतं आणि मी त्याला जेवायला वाढत होतो.

तर त्याच कुंडीत, माती न उकरता नवं रोप कसं लावायचं ते क्रमाने सांगतो.

जुनं झाड मातीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. ती कुजली की हवा-पाण्याला आयत्या वाटा मिळतात. मुळांवर गाठी असतील किंवा झाड मर रोगाने गेलं असेल, तर मात्र ही माती नव्या मिरची-टोमॅटोला वापरू नका. वर दोन-तीन सेंटिमीटर मुरलेलं गांडूळखत, त्यावर वाळक्या पानांचं आच्छादन. खत मातीत कालवू नका. आठ-दहा दिवस थांबा.

आता खरी मेख. बोटभर खालची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला, बोटांतून पाणी निथळलं नाही आणि अंगठा लावताच गोळा फुटला, म्हणजे वाफसा आहे, माती ना चिंब ना कोरडी. पाणी निथळलं तर लावणी पुढे ढकला, आच्छादन बाजूला सारून माती सुकू द्या. घरात वारा-ऊन नसल्यामुळे ओल फार रेंगाळते, म्हणून अंदाजाने चालू नका. उलट माती फार सुकली असेल तर एकदम ओतलेलं पाणी कडेने थेट तळाला जातं, कारण पूर्ण वाळलेली सेंद्रिय माती पाणी झिडकारते. दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं द्या.

हुंडी कोरडी का पडते? रोपं बहुधा भुसभुशीत कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढलेली असतात. कुंडीतली माती त्याहून बारीक, आणि बारीक माती जाड मिश्रणातलं पाणी ओढून घेते. त्यात रोपाची तहान वेगळीच. मुळं बाहेर सरकेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, तोवर पाणी थेट हुंडीवर, रोज कपभर. सगळी कुंडी भिजवायची नाही. बोट दोन ठिकाणी खुपसून बघायचं: एकदा खोडाजवळ, एकदा कडेला. फक्त कडेला बघून "ओल आहे की" म्हणणारे माझ्यासारखेच फसतात.

खड्डा हुंडीएवढाच. गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. टोमॅटो खोलवर लावा, खोडाला मुळं फुटतात; मिरची पूर्वीच्याच पातळीला. आच्छादन खोडापासून चार बोटं लांब. दिवा तीन-चार दिवस थोडा वर.

यानंतरही रोप रुसलंच, तर आधी वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे मुळं गुदमरतायत; पाणी बंद, दुसरं काहीच नको. पानाची खालची बाजू जांभळी झाली तर बहुधा माती गार आहे. 15 अंशांखाली मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, मग कुंडी गार फरशीवरून उचला. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर मातीचा सामू (pH) तपासा, 6 ते 6.8 च्या दरम्यान हवा. वर पांढरी खार साचली असेल तर बहुधा पाणी जड (क्षारांचं) आहे.

चिलटं उडायला लागली की लोक फवारणीकडे धावतात. चिकट पिवळे सापळे लावा आणि वरचा थर सुकू द्या. त्यांच्या अळ्यांना ओलाच थर लागतो. पहिला जोर म्हणून खत द्यायचंच असेल, तर नवी दोन पानं फुटल्यावर द्या.