बीओडीचं गणित: सूत्राआधी बाटली बघा

बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. त्याचं गणित आलं की लगेच सूत्राला हात घालू नका. आधी नमुना किती पातळ केलाय ते शोधा. मार्क बहुतेक तिथेच जातात.

समजा, नाशिकमध्ये गोदावरीला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याचं पाणी दिलंय. ३०० मिलीच्या बाटलीत नमुना फक्त ६ मिली, बाकी पातळ करायचं पाणी. विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीला ८.२, पाच दिवसांनी ४.२ मिग्रॅ प्रति लिटर. घट ४. पुष्कळ जण इथेच उत्तर लिहून मोकळे होतात. पण नमुना बाटलीचा ०.०२ भाग आहे, म्हणून ४ ÷ ०.०२ = २०० मिग्रॅ प्रति लिटर.

मग आकडा पटतो का ते बघाच, ही सवय लाखमोलाची. २०० म्हणजे घरगुती सांडपाण्याची पातळी, नाल्याला जुळणारी. नदीत आंघोळीसाठी बीओडीची मर्यादा ३ आहे. उत्तर ४ ठेवलं असतं तर नाल्याचं पाणी जवळपास रामकुंडात चालण्याजोगं ठरलं असतं!

तापमानही वाचा: २० अंशांना पाच दिवस, की आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांना तीन. पातळ करायच्या पाण्यात सीड (मुद्दाम सोडलेले जिवाणू) घातलं असेल, तर त्यामुळे झालेली घट भागाकाराआधी वजा करा.