नागपूरच्या उन्हाळ्यात हीट शॉकचा प्रयोग: आधी कंट्रोल सांभाळा

मेंदूच्या पेशींवर उष्णतेसारखा ताण आला की त्यांच्यात एचएसपी७० हे प्रथिन वाढतं. घडी बिघडलेल्या प्रथिनांना ते धरून ठेवतं आणि पुन्हा नीट घडी पडायला मदत करतं. या प्रयोगात पेशी तापवून हे प्रथिन किती वाढतं ते बघायचं असतं. ताणाला पेशी असं उत्तर देतात हे इटालियन शास्त्रज्ञ रितोसा यांना १९६२ च्या सुमारास फळमाशीत कळलं, तेही इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढल्यामुळे. नागपुरात मे महिन्यात ही चूक कुणाच्याही लक्षात न येता रोज घडू शकते. इथे पेशी तापवणं सोपं आहे, कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी न तापवलेल्या, पेशी ३७ अंशांवर राखणं कठीण.

पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून एसएच-एसवाय५वाय (मानवी न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगातून आलेल्या, चेतापेशींसारख्या) पेशी मागवायच्या असतील तर हिवाळ्यात मागवा. मीडियमने (पेशींच्या पोषक द्रवाने) भरलेला फ्लास्क नवतप्यात कुरिअरच्या गाडीत पडून राहिला तर पेशी प्रयोगाआधीच तापून येतात. आल्यावर निदान दोन-तीन पॅसेज (वाढलेल्या पेशी विभागून नव्या फ्लास्कमध्ये घालणं) होऊ द्या, मगच वापरा.

पेशी वाढवायच्या साध्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) इन्क्युबेटरला आतली हवा गार करता येत नाही, तो फक्त तापवतो. खोलीचं तापमान ३७ पेक्षा चार-पाच अंशांनी तरी कमी लागतं, नाहीतर आकडा ३८-३९ वर सरकतो. त्यामुळे कल्चरच्या खोलीत एसी हवाच. डेझर्ट कूलर मात्र अजिबात लावू नका. ओल्या हवेबरोबर बुरशीचे बीजाणू येतात आणि आठवड्याभरात सगळे फ्लास्क फेकावे लागतात. वीज गेल्यावर इन्क्युबेटरचं दार उघडू नका, आणि किती वेळ गेली होती ते वहीत लिहा.

सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ५ लाख पेशी आणि २ मिली मीडियम घाला. ७०-८० टक्के तळ भरला की मीडियम बदला. नव्या मीडियममध्ये २० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) असू द्या. वॉटर बाथमध्ये सीओटू नसतो, हेपेस नसेल तर मीडियम जांभळट होतं आणि उष्णतेसोबत पीएचचाही ताण पडतो. प्लेटची कड पॅराफिल्मने दोनदा गुंडाळा आणि ती ४३ अंशांच्या पाण्यात ३० मिनिटं ठेवा, तळ पाण्याला टेकलेला राहील अशी. बाथच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. एका रिकाम्या वेलमध्ये तेवढंच मीडियम घालून त्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बुडवा आणि तिथे ४२.५ दिसल्यावर घड्याळ लावा. ४३ च्या पुढे प्रत्येक अंशाला पेशी मरायला लागणारा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून ४४ अंश म्हणजे ‘थोडंसं जास्त’ नव्हे. कंट्रोलची प्लेटही तशीच गुंडाळून ३७ च्या बाथमध्ये तेवढाच वेळ ठेवा.

नंतर दोन्ही प्लेट ३७ अंशांवर ६ ते ८ तास ठेवा. लगेच पेशी फोडल्या तर प्रथिन तयार झालेलंच नसतं, आणि बरेच जण इथेच ‘काही वाढलं नाही’ असं लिहून मोकळे होतात.

पेशी फोडताना आणखी एक गोष्ट हातून सुटते. तापवलेल्या पेशींत एचएसपी७० चा काही भाग न विरघळणाऱ्या गाळात जातो. सौम्य डिटर्जंट वापरून सेंट्रिफ्यूज केलं की तो भाग गाळासोबत कचऱ्यात जातो, आणि वाढ खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. त्यामुळे एसडीएस या तीव्र डिटर्जंटच्या २ टक्के गरम बफरमध्ये सगळंच विरघळवा, चिकट डीएनए तोडायला थोडं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवा). प्रथिन मोजायला बीसीए ही चाचणी वापरा. ब्रॅडफर्ड या दुसऱ्या चाचणीचा आकडा एवढ्या एसडीएसमध्ये बिघडतो.

पुढचं वेस्टर्न ब्लॉटिंग (प्रथिनं जेलवर वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि हवं ते अँटिबॉडीने ओळखायचं) नेहमीसारखंच: १० टक्के जेल, लेनला २० मायक्रोग्रॅम, मिथेनॉलमध्ये भिजवलेला पीव्हीडीएफचा पडदा, ५ टक्के दुधात तासभर, अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर. अँटिबॉडी विकत घेताना मात्र ती एचएसपी७० चा फक्त ताणाने वाढणारा प्रकार ओळखते का, हे माहितीपत्रकात वाचा. एचएससी७० हे जवळचं भावंड निरोगी पेशींतही भरपूर असतं. अँटिबॉडीने दोन्ही धरली तर कंट्रोलची पट्टी तापवलेल्या पट्टीइतकीच गडद येते.

योग्य अँटिबॉडी असूनही कंट्रोल गडद आला, तर खोलीच्या तापमानाची नोंद काढून बघा. एकाच दिवशीचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर तीन वेगळ्या दिवशी करा. या पेशी कर्करोगातून आल्या आहेत, हेही निष्कर्ष लिहिताना लक्षात असू द्या. पाठीच्या कण्यातले मोटर न्यूरॉन एवढ्या सहजी एचएसपी७० बनवत नाहीत, त्यांच्याबद्दल या पट्ट्यांवरून काही सांगता येणार नाही.