फुलोऱ्याची वेळ जनुकांतून बदलताना या चुका टाळा

रोपाने केव्हा फुलावे हे जनुकीय अभियांत्रिकीने बदलता येते. १९३७ च्या सुमारास मिखाईल चैलाख्यान यांनी पानांतून शेंड्याकडे जाणाऱ्या फुलोरा-संप्रेरकाची कल्पना मांडली होती, आणि २००७ मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपातील एफटी व भातातील एचडी३ए ही प्रथिने हाच निरोप वाहून नेतात, हे दाखवले गेले. जनुक रोपात यशस्वीपणे बसल्यावरही असे प्रयोग फसतात, कारण ते कोठे, केव्हा आणि किती प्रमाणात चालावे याचा विचार झालेला नसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एफटीसारखे जनुक सतत चालू राहणाऱ्या प्रवर्तकाला (जनुक केव्हा चालावे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) जोडणे. एचडी३ए असे जोडलेल्या भातात कॅलसमधून (ऊतिसंवर्धनातील पेशींच्या गोळ्यातून) कोंब फुटतो न फुटतो तोच, फुटवे आणि पुरेशी पाने येण्याआधी, बाटलीतच लोंबी दिसू लागते. अशा रोपाजवळ दाणे भरण्याइतके बळ नसते आणि पुढची पिढी हाती लागत नाही. यावर उपाय म्हणजे बाहेरून चालू करता येणारा प्रवर्तक. पॉप्लर या झाडात उष्णतेला प्रतिसाद देणारा प्रवर्तक वापरला गेला आहे. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी याहून नेटकी रचना केली: जीएचडी७ जनुकाने भाताचा फुलोरा आधी रोखून धरला आणि एचडी३ए हे जनुक करपा रोगासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या प्रवर्तकाखाली ठेवले, त्यामुळे फवारणीनंतरच भात निसवला, म्हणजे त्याची लोंबी बाहेर आली. लवकर निसवणे म्हणजे फायदाच, हे गृहीतही तपासून घ्यावे. जीएचडी७ फुलोरा लांबवते, पण त्याच वेळी लोंबीतील दाणेही वाढवते. हळव्या (लवकर येणाऱ्या) वाणांपेक्षा गरव्या (उशिरा येणाऱ्या) वाणांचे उत्पादन सहसा जास्त का असते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी चूक नावावरून जनुक निवडण्याची. एफटी हे एकच जनुक नसून एक कुटुंब आहे आणि त्यातील भावंडांची कामे भिन्न, कधी तर परस्परविरोधी असतात. शुगरबीटमध्ये बीव्हीएफटी२ फुलोरा आणते, तर बीव्हीएफटी१ तो अडवते. बटाट्यात एसपी३डी फुलोऱ्याशी आणि एसपी६ए कंद धरण्याशी निगडित आहे. कांद्याचे उदाहरण तर आपल्या फार जवळचे आहे: त्यात एफटी२ फुलोऱ्याशी, एफटी१ कांदा पोसण्याशी संबंधित आहे, आणि एफटी४ हे एफटी१ ला दाबून कांदा धरणे रोखते. डेंगळे (कांद्याचे फुलांचे दांडे) थांबवण्यासाठी या कुटुंबातले भलतेच जनुक बंद केले, तर कांदा न पोसताच हंगाम जाऊ शकतो. म्हणून त्या पिकातील कोणती प्रत कोणत्या अवयवात व कोणत्या दिनमानात (दिवसाच्या लांबीत) व्यक्त होते, हे आधी मोजावे आणि मगच जनुक संपादनाच्या क्रिस्पर तंत्रातील मार्गदर्शक आरएनए (कोठे कापायचे हे दाखवणारा रेणू) आखावी.

एकाच दिनमानात चाचणी करून निष्कर्ष काढणेही टाळावे. भातातील एचडी१ लहान दिवसांत फुलोऱ्याला चालना देते, तर मोठ्या दिवसांत तो लांबवते; साहजिकच तेच जनुक बंद केलेले रोप एका कक्षात उशिरा आणि दुसऱ्यात लवकर निसवेल. दोन्ही दिनमानांत चाचणी करून मगच शेतातील हंगामाविषयी बोलावे.

निकाल गोंधळाचे येत असतील तर मोजणी तपासा. रोपाची वाढच खुंटली असेल तर दिवस वाढतात आणि फुलोरा लांबल्याचा भास होतो. म्हणून दिवसांसोबत फुलोऱ्यापूर्वी आलेली पानेही मोजावीत. ऊतिसंवर्धनातून थेट आलेल्या रोपांवर भिस्त ठेवू नये. त्यांच्या बियांपासून आलेल्या पिढीत, त्याच ट्रेमध्ये वाढवलेल्या आणि जनुक गळून पडलेल्या भावंडांशी तुलना करावी.

फळझाडांत लवकर फुले आणण्यासाठी लीफी की एपी१ हे जनुक घालावे, ही निवडही विचाराने करावी. लिंबूवर्गीय झाडांवरील २००१ च्या प्रयोगात दोन्हींनी फुले लवकर आणली, मात्र लीफीच्या झाडांची वाढ विकृत झाली आणि एपी१ ची झाडे निरोगी राहिली. पैदाशीचा वेग वाढवण्यासाठी घातलेले जनुक अंतिम वाणात राहू द्यायचे नसेल, तर शेवटच्या संकरानंतर प्रत्येक रोप पीसीआर या डीएनए-चाचणीने तपासून ते नसलेलीच रोपे ठेवावीत. भारतात मार्च २०२२ मध्ये जनुकीय पिकांच्या नियमांतून मिळालेली सवलत परकीय डीएनए नसलेल्या जनुक-संपादित रोपांपुरतीच आहे. त्यामुळे कॅस९ चा (क्रिस्परमध्ये डीएनए कापणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा) तुकडाही उरला आहे का, हे त्याच चाचणीत पाहून घ्यावे.