केस लिहायची कशी

पोरांनो, गुन्हेगारीच्या समाजशास्त्रात केस, म्हणजे एका माणसाच्या आयुष्याची नोंद, लिहिताना आधी सिद्धांत काढू नका, आधी चहा प्या. नागपुरात इतवारीजवळच्या गंगाजमुना या वेश्यावस्तीत मी एका बाईला पहिल्याच भेटीत विचारलं, "इथं कशा आलात?" तिनं दारच लावून घेतलं. आता विचारतो, "घरी दरमहा किती पाठवावं लागतं?" कर्ज, नवऱ्यानं टाकणं, दलाल, सगळं आपसूक निघतं. मग समाजशास्त्रज्ञ मर्टनचा १९३८ चा सिद्धांत लावा: स्वप्नं सगळ्यांना सारखीच दाखवली, वाटा मोजक्यांनाच. फसवून आणलेलीच्या केसमध्ये मात्र 'निवड' हा शब्द दिसला की वही परत.

टोळीतल्या पोरासाठी सदरलंड आधी: गुन्हा संगतीतून शिकला जातो, हे त्याचं म्हणणं. पानठेल्यावर तो कोणासोबत बसतो, वस्तरा धरायला कोणी शिकवलं, नोंदवा. बालपणीच्या आघाताचा शिक्का पुराव्याशिवाय नको. समाजाशी बंध सैल झाले की माणूस गुन्ह्याकडे वळतो म्हणणाऱ्या हिर्शीसाठी घर-शाळेशी नाळ कधी तुटली, ते वर्ष समासात लिहा.