दुष्काळात गावाने निवेदन कसे द्यावे

पाऊस ओढ देतो, विहिरींचा तळ दिसू लागतो आणि तहसील कार्यालयात बारनिशीच्या, म्हणजे आवक कागदांच्या नोंदीच्या, टेबलावर निवेदनांचा गठ्ठा वाढू लागतो. त्यांतल्या बहुतेकांची भाषा एकाच साच्यातली असते. "बळीराजा हवालदिल झाला आहे", "शासनाने तातडीने दखल घ्यावी", "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल". निवेदन देतानाचा फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर दोन रकान्यांची बातमी येते आणि कागद नस्तीत (फायलीत) जाऊन बसतो. त्यात लिहिलेले खोटे असते असे मुळीच नाही. अडचण एवढीच असते की, ज्या अव्वल कारकुनाच्या हाती तो कागद पडतो, त्याला त्यावर नेमकी कोणती टिपणी ठेवायची हे त्या कागदातून कळत नाही. होय किंवा नाही असे लेखी उत्तर द्यावेच लागेल, असे निवेदन तयार करू इच्छिणाऱ्या गावकऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला काय हवे आहे आणि ते देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ठरवावे. "गावाला मदत मिळावी" ही मागणी होत नाही. पिण्याच्या पाण्याचा टँकर हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो, मग संयुक्त पाहणी होते आणि माणशी दिवसाला २० लिटर या हिशेबाने खेपा ठरतात. म्हणून टँकरच्या मागणीत वाडीवस्तीनिहाय लोकसंख्या, जनावरांची संख्या आणि पाण्याचा कोणता उद्भव (विहीर, तलाव वगैरे) कोणत्या महिन्यात आटला, एवढे असले की पाहणीला येणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते. रोजगार हमीचे काम हवे असेल तर ज्याला काम हवे त्याने स्वतः लेखी मागणी नोंदवून तारखेची पोच घ्यायची असते. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या आणि १९७७ मध्ये कायदा झालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीत मागणीपासून १५ दिवसांत काम देण्याचे बंधन घातले गेले ते या तारखेच्याच आधारावर, त्यामुळे शंभर जणांच्या सह्यांचे निवेदन त्या वैयक्तिक मागणीची जागा घेऊ शकत नाही. पीकविम्याचेही तसेच आहे. ज्या नुकसानीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत द्यायची असते, ती गावाच्या वतीने महिनाभराने दिलेल्या निवेदनातून भरून निघत नाही.

गावाचे सामूहिक निवेदन खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते आपले महसूल मंडळ (काही गावे मिळून होणारा तालुक्यातील महसुली विभाग) दुष्काळसदृश म्हणून जाहीर व्हावे आणि त्याच्या सवलती लागू व्हाव्यात, या मागणीसाठी. पुढील विवेचन मुख्यतः त्याच निवेदनाबद्दल आहे. या सवलती किरकोळ नाहीत. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, थकबाकीसाठी पंपाची वीज न तोडणे, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि गरज पडेल तेथे टँकर, असे त्यांचे साधारण स्वरूप असते.

मात्र दुष्काळ तहसीलदार जाहीर करत नाहीत, राज्य शासन करते. तहसीलदारांकडे "दुष्काळ जाहीर करा" अशी मागणी केली, तर "ही बाब शासनस्तरावरील आहे" एवढ्या एका ओळीत ती निकालात निघते. पीकपाहणी करणे, पैसेवारी (नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाचे पीक किती, याचा पैशांत मांडलेला अंदाज) ठरवण्याच्या प्रक्रियेत योग्य नोंदी घेणे आणि वस्तुस्थितीचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणे ही कामे तालुका पातळीवरूनच होतात. म्हणून तहसीलदारांना उद्देशून जे लिहायचे ते याच कामांपुरते लिहावे आणि घोषणेची मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाला लिहिलेल्या स्वतंत्र कागदावर करावी. दोन मागण्यांसाठी दोन कागद वापरण्याचे कारण कार्यालयीन आहे. कागद एका कार्यासनाकडे, म्हणजे ठरावीक विषय पाहणाऱ्या एका टेबलाकडे, जातो आणि त्या कार्यासनाचा जेवढा विषय असेल तेवढाच वाचला जातो. पाणी, चारा, वीजबिल, रस्ता आणि शाळेची गळती हे सगळे एकाच पानावर कोंबले, की त्याच्या प्रती "उचित कार्यवाहीस्तव" पाच ठिकाणी रवाना होतात आणि पाचही ठिकाणी प्रत्येक जण दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसतो.

आता निकषांकडे वळू. ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी म्हणजे दुष्काळ, हे समीकरण आपल्याकडे इतके रुजले आहे की अजूनही निम्मी निवेदने केवळ पैसेवारीवर लिहिली जातात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पावसाची तूट व खंड, वनस्पतींच्या स्थितीचा उपग्रहीय निर्देशांक, मातीतील ओलावा, पेरणीचे क्षेत्र आणि जलसाठ्यांची स्थिती हे मुद्दे पुढे आले आणि त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करण्याची पद्धत आली. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यावर उरलेल्या भागांतून ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती घोषित झाली, आणि तेथे लावलेला निकष साधा होता: जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस. अशा वेळी ज्या गावाच्या निवेदनात आपल्या मंडळाचा आकडा या दोन्ही कसोट्यांवर मांडलेला असतो, त्याची बाजू आपोआप भक्कम होते. मंडळनिहाय रोजच्या पावसाची नोंद कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिची छापील प्रत काढून जोडावी. पर्जन्यमापक गावापासून दूर असेल आणि तेथे पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच नसेल, तर तेही लिहावे, परंतु अंतर किलोमीटरमध्ये आणि तारखा घालून लिहावे. खरिपाचा निर्णय साधारणतः ऑक्टोबरअखेर होत असल्याने हे सारे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पोहोचलेले बरे. दिवाळीनंतर दिलेले निवेदन पुढच्या वर्षाच्या उपयोगाचेही नसते.

सरकारच्याच नियमावर बोट ठेवून मागणी करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या ९५ प्रतिनिधींनी सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे गोळा केली होती, म्हणजे आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत याचा पुरावा आधी आणि अर्ज नंतर. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती मिळवून ती सरकारपुढे ठेवली. १८९६-९७ मध्ये टिळकांच्या प्रभावाखालील सभेच्या माणसांनी खेड्यांत जाऊन फॅमिन कोडातील (सरकारच्या दुष्काळविषयक नियमावलीतील) साऱ्याच्या सुटीसंबंधीच्या तरतुदी रयतेला मराठीत समजावून दिल्या, आणि सरकार इतके अस्वस्थ झाले की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. आपल्या आजच्या निवेदनांत "हवालदिल" हा शब्द सापडतो, नियम सापडत नाही, याची या इतिहासापुढे थोडी लाज वाटावी.

प्रत्यक्ष मसुदा एका पानात, फार तर दीड पानात बसला पाहिजे. वर तारीख, 'प्रति' खाली अधिकाऱ्याचे पदनाम (नाव नको, बदली झाली तरी कागद चालला पाहिजे), मग विषय आणि असल्यास संदर्भ. विषयाच्या ओळीत गाव, मंडळ आणि मागणी ही तिन्ही यावीत, कारण बारनिशीत नोंद होते ती त्या ओळीचीच. मजकुराची सुरुवात पुढीलप्रमाणे करता येईल:

"आमच्या गावाचे एकूण लागवडीखालील क्षेत्र (इतके) हेक्टर असून त्यापैकी (इतके) हेक्टरवर यंदा सोयाबीनची पेरणी झाली. (या) तारखेपासून (त्या) तारखेपर्यंत सलग (इतके) दिवस पाऊस झालेला नाही. १ जूनपासून (या) तारखेपर्यंत आमच्या मंडळात (इतके) मिलिमीटर पाऊस झाला असून तो या काळाच्या सरासरीच्या (इतके) टक्के आहे. गावातील (इतक्या) सार्वजनिक विहिरींपैकी (इतक्या) आटल्या आहेत. सबब, आपल्या कार्यालयामार्फत गावाची प्रत्यक्ष पीकपाहणी करून त्याचा अहवाल मा. जिल्हाधिकारी यांच्याकडे पाठवावा व त्याची एक प्रत आम्हास मिळावी, ही विनंती."

यात भावनेचे विशेषण एकही नाही, आणि शेवटच्या वाक्यात करावयाची कृती स्पष्ट आहे. आंदोलनाचा इशारा पहिल्याच कागदात देऊ नये. तो दिला की कागद महसूल शाखेऐवजी बंदोबस्ताच्या पत्रव्यवहारात अडकण्याचा संभव असतो. आकडे तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, आणि कृषी सहायकाकडून, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून, पडताळून घ्यावेत, कारण पाहणीच्या वेळी तीच मंडळी समोर उभी राहणार आहेत आणि एक आकडा फुगवलेला निघाला तर बाकीच्या नऊ खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. भाषेचा संकोच बाळगू नये. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे केंद्राच्या अधिकाऱ्यालाही मराठीत लिहिता येते.

निवेदनाला ग्रामसभेचा ठराव जोडला तर ते चार पुढाऱ्यांचे न राहता गावाचे होते. सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ठरावाच्या नकलेवर ठराव क्रमांक, तारीख, सूचक व अनुमोदक आणि ग्रामपंचायतीचा शिक्का आहे ना, हे पाहून घ्यावे.

सह्यांच्या बाबतीत मात्र गावे फार निष्काळजी असतात. आमच्याकडच्या एका निवेदनाला पंधरा-वीस पाने सह्या जोडल्या होत्या. कारकुनाने मधलेच एक पान उलटून शांतपणे विचारले, "या सह्या कशासाठीच्या आहेत?" पानावर मथळा नव्हता, आणि खरे सांगायचे तर त्यांतली काही पाने आदल्या वर्षी एसटीच्या थांब्यासाठी गोळा केलेल्यांपैकीच होती. आम्ही खाली मान घालून परत आलो. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या माथ्यावर निवेदनाचा विषय आणि तारीख, आणि खाली "पान ४ पैकी २" असा क्रमांक लिहूनच कागद फिरवायचा, असा आमचा नेम आहे. रकाने चारच पुरतात: अनुक्रमांक, पूर्ण नाव, गट क्रमांक किंवा वस्ती, आणि सही. आधार क्रमांकाचा रकाना कधीही ठेवू नये, कारण तो कागद किती हातांतून जाईल याचा नेम नसतो. अंगठा असेल तर शेजारी 'निशाणी डावा अंगठा' असे लिहून नाव सुवाच्य घालावे आणि साक्षीदाराने सही करावी. बायकांच्या सह्या घरच्या पुरुषाने करून टाकण्याची सवय तर मोडायलाच हवी. पाण्यासाठी दोन किलोमीटर पायपीट करणाऱ्या बाईची स्वतःची सही पाहणीच्या दिवशी तिच्या तोंडच्या हकिकतीशी जुळते, तेव्हा त्या कागदाला वेगळेच वजन येते.

निवेदन देताना दोन प्रती न्याव्यात. एक बारनिशीत द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच खाली उतरावे. साहेबांच्या हाती निवेदन दिले, त्यांनी कोपऱ्यात शेरा मारला, तरीही कागद पुन्हा बारनिशीतून फिरवून आणावा, कारण पुढचा सगळा पाठपुरावा आवक क्रमांकावर चालतो. जिल्हाधिकारी, आमदार आणि जिल्हा परिषद यांना माहितीसाठी प्रत द्यायला हरकत नाही, पण मूळ कागद एकाच्याच नावे असावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनात गावाचे निवेदन घेऊन जाण्याची चूक अनेक जण करतात. तेथे वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार, विहित नमुन्यात आणि १५ दिवस आधी द्यावी लागते. सामूहिक मागणी किंवा पक्षाच्या लेटरहेडवरचा अर्ज स्वीकारला जात नाही. सवलत जाहीर झाल्यावर एखाद्याचे नाव यादीतून गळले असेल, तर तो माणूस मात्र तेथे जरूर जाऊ शकतो.

उत्तर आले नाही तर महिनाभर हातावर हात ठेवून बसू नये. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने, ज्याला लोक 'दप्तर दिरंगाईचा कायदा' म्हणतात, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे सांगितले आहे. दुसऱ्या विभागाला विचारण्याची गरज नसेल तर निर्णयाला ४५ दिवसांची मर्यादा आहे, आणि तशी गरज असेल तर तीन महिन्यांची. पहिल्या स्मरणपत्रात आवक क्रमांक, तारीख आणि या कायद्याचा उल्लेख, एवढेच तीन ओळींत लिहावे.

त्यानंतरही शांतताच असेल तर माहिती अधिकाराच्या कायद्याखाली माहितीचा अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत तो लिहावा. "कार्यवाही का केली नाही?" असे विचारू नये, कारण 'का' याचे उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसते. "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजीच्या निवेदनावर आजपर्यंत लिहिलेल्या सर्व टिपण्यांच्या व पत्रव्यवहाराच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात" असे मागावे. ३० दिवसांत उत्तर देणे भाग असते, आणि कितीदा तरी असा अर्ज पडल्यावरच नस्ती कपाटाबाहेर येते. प्रश्न जिल्ह्यापलीकडचा असेल तर विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीचा मार्ग आहे. मात्र त्यासाठी सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते आणि न्यायालयात प्रलंबित असलेला विषय तेथे चालत नाही.

बाहेरचा पाठिंबा या टप्प्यावर मागावा, आधी नव्हे. पुण्या-मुंबईला गेलेल्या गावच्या मंडळींकडून ऑनलाइन सह्या गोळा करायच्या असतील तर त्यांची यादी स्वतंत्र ठेवावी आणि तिच्यावर "गावाबाहेरील समर्थक" असे स्पष्ट लिहावे. वार्ताहराला निवेदनाची नव्हे तर शिक्क्याच्या पोचेची प्रत द्यावी, म्हणजे बातमीत तारीख येते. या सगळ्या कागदांची एक फाईल ग्रामपंचायतीत आणि एक कोणाच्या तरी घरी ठेवावी. सरपंच बदलतात, ग्रामपंचायत अधिकारी बदलतात, आणि पुढच्या टंचाईत पहिला प्रश्न हाच येतो की, मागच्या वेळी तुम्ही अर्ज कधी दिला होता.