लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड बदलताना

घरी वेगवान फायबर जोडणी असूनही जुना लॅपटॉप रखडत असेल, तर नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी त्याचे आतले वाय-फाय कार्ड बदलता येते का, हे पाहावे.

१. नागपुरातील सीताबर्डीच्या बाजारात जाण्याआधी मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कार्ड एम.२ २२३० आकाराचे (२२ × ३० मिमीचे, खाचेतून काढता येणारे) आहे ना, की मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डावर) कायमचे सोल्डर केलेले आहे, हे तपासावे.

२. इंटेल एएक्स२१० हे कार्ड मागावे. नावाने जवळचे असलेले एएक्स२११ केवळ ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालते; एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते निरुपयोगी ठरते, आणि ही गफलत दुकानातही सहज होते.

३. नव्या कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) आधीच उतरवून ठेवावा.

४. लॅपटॉप बंद करून, चार्जर व आतील बॅटरीची जोडणी काढून, अँटेनाच्या दोन्ही वायरींचा फोटो घ्यावा आणि त्यांची टोके सरळ वर उचलावीत. वायर ओढू नये. स्क्रू काढून नवे कार्ड तिरपे सरकवावे, स्क्रू लावावा आणि टोके हलकेच दाबून बसवावीत.

नागपूरच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साचते, म्हणून कार्ड हाताळण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अनोळखी कार्ड नाकारते. त्यामुळे परत घेण्याची अट ठरवूनच खरेदी करावी.