आंतरवासितेला पूर्व भागातली शाळा मागून घ्या

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी, शाळांची यादी लागली की सोलापुरात सगळ्यांची एकच धडपड असते: शिस्तीची, नावाजलेली, बसस्टॉपजवळची शाळा मिळावी. मला अशोक चौकाच्या पुढची, पूर्व भागातली महापालिकेची शाळा मिळाली. तेव्हा मी रडले होते. आज तुम्हाला सांगते, तीच मागून घ्या.

आधी व्यवहाराचं. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवडे शाळेत काढायचे असतात. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. विद्यापीठ आणि शाळा चालवणारी यंत्रणा यांची खरी भागीदारी या १६ आठवड्यांतच घडू शकते. कागदावर ती एका परवानगीच्या पत्राएवढी असते. कॉलेजला तुमचे पाठ मोजायचे असतात, शाळेला रिकामे तास भरायचे असतात. पोरांचं काय, हा प्रश्न या दोघांच्या मधे पडून राहतो, आणि तो उचलायला तिथे फक्त तुम्ही असता.

माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींकडे कन्नड. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. पहिल्याच आठवड्यात एका मुलाला विचारलं, आई शाळेत का आली नाही? तो म्हणाला, “अम्मा पनिकि पोयिंदि.” मी समजले, पाणी भरायला गेली असेल. वर्गशिक्षिका बाईंनी सांगितलं, तेलुगूत ‘पनि’ म्हणजे काम. त्या दिवशी मी एक वही घातली आणि मुलांचे शब्द त्यांनाच विचारून लिहायला लागले. मला शिकवताना त्यांचा आवाज मोठा व्हायचा. एरवी मराठीच्या तासाला तोंड न उघडणारी मुलंही पुढे यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे महापालिकेच्या शाळेत तुमच्या वाट्याला सहावी ते आठवी येणार. मला सातवी होती. पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, सातवीच्या धड्याचं, आणि समोर जोडाक्षराला अडणारी सात-आठ मुलं. वाचायला मुळापासून कसं शिकवायचं, हे आमच्या कोणत्याच अध्यापन पद्धतीच्या पेपरात नव्हतं. मी घाबरले, आठवडाभर नुसते पाठ उरकले. मग पहिलीच्या बाईंकडे गेले. रिकाम्या तासाला त्यांच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागितली आणि अक्षरगट कसे घेतात, मूल अडलं की कुठे थांबायचं, कुठे सांगून टाकायचं, हे बघत राहिले. तिथे शिकलेलं रोज अर्धा तास, पोषण आहारानंतर, त्या मुलांबरोबर करायचे. मात्र त्यांना पहिलीचं पुस्तक देऊ नका. तेरा वर्षांच्या मुलाला ते फार लागतं. आम्ही दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, गड्ड्याच्या जत्रेची जाहिरात वाचायचो.

माझी एक चूक तुम्ही करू नका. भागाकार शिकवताना मी मोठ्या उत्साहाने विचारलं, हजार विड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे किती? तोपर्यंत छान बोलणाऱ्या एका मुलीने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. घरी तीही विड्या वळायला बसते, हे तिला वर्गात उघड व्हायला नको होतं. मुलांच्या जगातली उदाहरणं द्या, असं आपल्याला शिकवतात. पण त्यातलं काय चारचौघांत बोलायचं, हे त्या मुलाला ठरवू द्या. पुढे मी उदाहरणांत टॉवेल आणि बसची तिकिटं घेतली.

घरी जा, पण वर्गशिक्षिकेबरोबर, आणि तक्रार घेऊन नाही. विड्या जमा करायच्या घाईत थोरली मुलगी बाळाला सांभाळायला घरी राहते, हे मला हजेरीपत्रकावरून कधीच कळलं नसतं. आईला फक्त एवढंच विचारलं, दुपारनंतर तरी पाठवता येईल का? मुलगी यायला लागली.

वाचताना मला अमेरिकेतल्या ‘टीचर कोअर’ची माहिती मिळाली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातून निघालेली ही योजना. विद्यापीठ आणि तिथला शालेय जिल्हा, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारी यंत्रणा, मिळून नव्या शिक्षकांना गरीब वस्तीच्या शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली ठेवत, आणि वस्तीतलं कामही त्यांच्या शिक्षणाचाच भाग असे. आपल्याकडे तशी योजना नसली तरी एक गोष्ट तुम्ही घडवू शकता. निरीक्षणाला येणारे कॉलेजचे सर आणि वर्गशिक्षिका यांना पाठानंतर दहा मिनिटं एकत्र बसवा. मी चहा सांगून बसवलं. सरांनी तोवर फलकलेखनावर शेरा लिहिला होता. बाईंनी त्यांना मागच्या बाकावरच्या दोन मुलांबद्दल सांगितलं, आणि पुढच्या वेळी सर थेट त्या बाकाजवळ जाऊन बसले.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास याच काळात चालू ठेवा, सकाळी. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही.

सोळावा आठवडा संपताना एका मुलाने विचारलं, “टीचर, तुमचं झालं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासूनच एक दुसरी वही ठेवा. प्रत्येक मुलाला एक पान. कुठपर्यंत वाचतो, कशाने खुलतो, घरी कोणती भाषा. जाताना ती वर्गशिक्षिकेच्या हातात द्या, कॉलेजच्या फाइलला लावू नका. बी.एड.ची पुढची तुकडी त्या मुलांना शिकवायला आली, की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.